जावयाच्या हातातली बादली

परवा अमरावतीला विभागाच्या आढावा बैठकीत, साठ-सत्तर माणसांनी भरलेल्या सभागृहात, मी आमच्या सगळ्यात मोठ्या साहेबांना विचारलं, "साहेब, अजून वाढू का?"

विचारायचं होतं, 'साहेब, आणखी काही माहिती हवी आहे का?' वाक्य सकाळपासून पाठ होतं. अकोल्याहून निघालेल्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते ओठातल्या ओठात इतकं घोळवलं की शेजारच्या आजीबाईंना मी जप करतोय असं वाटलं आणि त्यांनी आपल्या चपला आदरानं सीटखाली आणखी आत सरकवल्या. पण ऐन वेळी जीभ आपल्या वाटेनं गेली. तिचाही दोष नाही. तक्त्यांचा गठ्ठा मी डाव्या हाताला बादलीसारखा धरला होता, उजव्या हातातला तक्ता पळीसारखा पुढं कलता केला होता आणि कमरेत किंचित वाकलो होतो. सगळं अंग वाढप्याचं झाल्यावर एकट्या जिभेनं कार्यालयीन अधीक्षक म्हणून किती वेळ उभं राहायचं?

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह फुटलं. साहेब तेवढे हसले नाहीत. ते पुण्याकडचे, इकडे येऊन जेमतेम तीन महिने झालेले. त्यांनी समोरच्या फायलीवर हात आडवा धरला, अगदी पानावर धरावा तसा, आणि म्हणाले, "बस्स."

हशाची दुसरी लाट आली आणि मी खाली बसलो.

माझ्या तक्त्याच्या तळाशी खारपाणपट्ट्यातली दोन गावं होती. विहिरीत पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही, अशी गावं. त्यांच्या गोड्या पाण्याचा प्रस्ताव वर्षभर ह्या तक्त्यातून त्या तक्त्यात जातो आणि दर वेळी तळाशीच राहतो. त्यांच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं, असं मी ठरवून आलो होतो. ते हशात राहून गेलं. शेजारी बसलेल्या आमच्याच कार्यालयातल्या गवई मॅडम फायलीआड तोंड लपवून म्हणाल्या, "सर, तुमच्या मागून वरण घेऊन कोण येऊन राहिलं?"

त्रेपन्नाव्या वर्षी एवढी शोभा झाल्यावर माणसानं परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसावं. मी बसलोही. पण थोड्या वेळानं लक्षात आलं, की काचेत दिसणारा माणूस हसतो आहे. चूक करायला आधी बोलावं लागतं, आणि आयुष्याची अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षं मी बोलण्यात एकही चूक केली नव्हती, कारण मी बोललोच नव्हतो. बाहेर उन्हं कलली होती. कापणीला आलेली तूर वाळून खुळखुळ्यासारखी झाली होती. कुठल्याशा वावरात गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत लोळत होता, आणि उघड्या खिडकीतून त्याचा वास आत आला. थोडा शेणाचा, थोडा मातीचा, आणि त्याच्या पोटात भाजलेल्या कणकेचा. आमच्याकडे हिवाळा थर्मामीटरवर कळत नाही, ह्या वासावर कळतो. रोडग्याचे दिवस आले होते.

त्या वासानं मी चार हिवाळे मागं गेलो.

पण त्याआधी माझ्या मुकेपणाची थोडी थोरवी सांगायला हवी. पाचवीत असताना सव्वीस जानेवारीला माझं भाषण होतं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपर्यंत मी उत्तम वक्ता होतो. पुढचं आठवेना, म्हणून पुन्हा 'अध्यक्ष महाशय'पासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा महाशय झाले तेव्हा अध्यक्षांनीच उठून मला नमस्कार केला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या पुढं मला स्वप्नात ऐकू यायच्या.

मोठेपणी भाषणाचा प्रश्न मिटला, पण बोलण्याचा कुठं मिटतो? सासरवाडीला जाताना चांदूर बाजारच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथं 'थांबवा हो' एवढं म्हणायचं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी एकटाच निघालो होतो. फाटा दिसला, शब्द घशापर्यंत आले आणि तिथंच त्यांनी मुक्काम केला. बस थेट चांदूर बाजारला थांबली. तिथून मी साडेचार किलोमीटर उलटा चालत आलो. जावयाला पायी फिरायची फार आवड आहे, असं त्या गावानं ठरवून टाकलं. पुढं किती तरी वर्षं मी गेलो की कुणीतरी न चुकता विचारायचं, "मंग, फिराले जाता का?"

न्हाव्यानं एकदा विचारलं, मिशी ठेवू का? मी मान कशीतरी हलवली. तिचा अर्थ त्यानं त्याच्या सोयीनं लावला. अकोल्यात मोर्णा नदीपलीकडं, जुन्या शहरातल्या बाजारात, आम्ही दर रविवारी भाजीला जातो. भाव करायचं काम संध्याचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, आणि पिशवी धरायचं माझं. ती एकदा तापानं पडली म्हणून मी एकटा गेलो, तर वांगी विकणारीनं सांगितला तो भाव मी मुकाट्यानं दिला आणि तीच अस्वस्थ झाली. "भाऊ, ताई नाई आल्या का?" म्हणाली आणि स्वतःहून चार वांगी जास्त टाकली. माझ्या वतीनं माझ्याशी भाव करणारी ती एकटीच बाई.

यावर उपाय केला नाही असं नाही. एका सुट्टीत मी तीन दिवसांच्या वक्तृत्व-शिबिराला गेलो. बाहेरगावाहून आलेले, टाय लावलेले प्रशिक्षक होते. त्यांनी सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहा, स्वतःच्या डोळ्यांत पाहा आणि बोला. महिनाभर मी सकाळी दाढीचा फेस तोंडाला लावून आरशाशी बोलत होतो. आरसा फार समंजस श्रोता. तो मध्येच उठून जात नाही, जांभई देत नाही, आणि आपण अडकलो की तोही अडकतो. शेवटी संध्या न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आरशाले तं सारं पटलं तुमचं. आता दूधवाल्याले सांगा, दूध पातळ येऊन राह्यलं म्हनून." मी दूधवाल्याला सांगितलं नाही. महिनाभर पातळ चहा प्यायलो.

आणि अशा माणसाला चार हिवाळ्यांपूर्वी, ऐन पौषात, पदोन्नतीचा आदेश आला.

आदेशासोबत पेढे आले, अभिनंदन आलं, आणि सोमवार आला. अधीक्षक म्हणजे दर सोमवारी उभं राहून अख्ख्या कार्यालयाचा आढावा सांगायचा, महिन्यातून एकदा अमरावतीला जाऊन तोच मोठ्या साहेबांपुढं सांगायचा. सरकारी नोकरीत एक सोय असते. पदोन्नती नको असेल तर पंधरा दिवसांत लेखी नाकारता येते. लेखी म्हटलं की मी शूर. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता अर्ज लिहिला: 'कौटुंबिक अडचणींमुळे सदर पदोन्नती स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' घडी घातली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. सोमवारी द्यायचा. घरी काही बोललो नाही. बोलणं हाच तर मूळ आजार होता. मधे रविवार होता, आणि रविवारी सासरवाडीला रोडगे होते.

ते गाव हिवाळ्यात फार देखणं दिसतं. फाट्यावरून आत वळलं की दोन्ही हातांना संत्र्याच्या बागा. झाडाखाली गळलेली फळं दवात भिजून पडलेली, वाटेवर त्यांचा आंबटगोड वास. पुढं काळी वावरं, त्यात तूर, आणि एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारुतीचं ठाणं. दर पौषात तिथं रोडगे होतात. भरड कणकेचे पदर घालून वळलेले मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फडक्यात घोळून राख झटकायची, फोडून तूप ओतायचं. सोबत तुरीचं वरण, आणि गावभरच्या वांग्यांची एकत्र केलेली, तर्री आलेली झणझणीत भाजी. तीनशे माणसं वावरात जमिनीवर पंगतीनं बसतात, पळसाच्या पत्रावळी पुढ्यात घेऊन.

ह्या पंगतीचे कारभारी म्हणजे संध्याचे चुलते, वामनकाका. त्या वेळी ते सत्तरीचे होते. वाळल्या तुराटीसारखी अंगकाठी, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा, की बांधावरचा बैलही चारा सोडून वर पाहील. चाळीस वर्षं गावाला ह्या माणसानं वाढलं होतं.

आणि जावई म्हणजे काय, तर बसवून ठेवायची वस्तू. कडुनिंबाखाली माझ्यासाठी सतरंजी चौपदरी करून टाकली होती. त्यावर मी बसलो. ऊन चढलं, तसं जाकीट काढून फांदीला टांगलं. तिकडं चरात गोवऱ्या रचल्या होत्या, पण त्या पेट घेईनात. काका ओरडले, "ए संध्ये, कागद आन वं पेटवाले!" संध्या झाडाकडं आली. माझ्याकडं पाठ करून बराच वेळ जाकिटापाशी उभी राहिली. मला वाटलं, काडेपेटी शोधतेय. मग ती काकांकडं गेली, त्यांच्या कानाशी काही बोलली. काकांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मला 'जावईबापू आले' एवढंच दिसलं. मी नेहमीप्रमाणं कसंनुसं हसलो.

तासाभरानं पंगत बसली आणि काका थेट माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हातात भाजीची बादली.

"उठा जवाईबापू. बादली धरा."

सासूबाई धावत आल्या. "अवो भाऊजी, काय करून राह्यले! जवायाच्या हाती बादली! गाव तोंडात शेन घालीन."

"घालू दे वयनी. मानसं कमी पडून राह्यले."

माणसं काही कमी नव्हती. पाच-सहा जण मोकळ्या हातांनी मागं उभे होते आणि माझ्याकडं कौतुकानं पाहत होते. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. मी बादली धरली.

पहिली चार-पाच पानं मी व्यवस्थित वाढली. वाकायचं, पळी कलती करायची, पुढं सरकायचं. काम सोपं वाटलं. तेवढ्यात मागून दंडाला धरून कुणीतरी थांबवलं.

"हे काय चुपचाप वाढून राह्यले? मयताच्या घरचं जेवन हाय का?" काका म्हणाले. "भाजी म्हना."

"भाजी," मी म्हणालो.

"कोनाले सांगतलं? वांग्याले?"

पंगत हसली. माझे कान तापले. काकांनी आवाज खाली आणला. त्यांना आवाज खालीही आणता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. "हे पाहा बापू. पयल्या पानाले सांगू नोका. तो तुमच्या पुढंच बसला हाय, त्याले भाजी दिसते. त्या शेवटच्या पानाले सांगा. तिथं तो बुढा बसला हाय ना फेटेवाला, तो कव्हाचा तुमच्या बादलीकडं पाहून राह्यला. त्याच्या मनात धाकधूक हाय, का भाजी आपल्यापावतर येते का नाई. त्याले भरोसा द्या. तेवढ्यासाठीच आवाज द्याचा असते. आपन किती मोठे हाओ हे दाखवाले नाई."

मी मान वर केली. रांगेच्या टोकाला, तीस-चाळीस हातांवर, एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. पान कोरडं. नजर माझ्या बादलीवर. शाळेपासून आजवर मी ज्यांच्यापुढं गप्प झालो, त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्याकडं मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी कायम स्वतःकडंच पाहत होतो. आरशानं तर त्यात भरच घातली होती. त्या म्हाताऱ्याला मात्र माझ्याकडून भाषण नको होतं. भाजी येणार की नाही, एवढंच हवं होतं.

"भाजीऽऽ!" मी ओरडलो. आवाज मध्यावर चिरकला. चिंचेवरचे पोपट उडाले. बायकांच्या रांगेत हशा पिकला. "वांग्याची भाजी येऊन राहिलीऽऽ!"

म्हाताऱ्यानं लांबूनच मान डोलावली.

नंतर मला शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली. खालच्या पदावरून वरच्या पदावर गेलेल्या माणसाला ती मिळतातच. पण त्या डोलावलेल्या मानेची सर कशालाही आली नाही.

दुसऱ्या पंगतीला काका माझ्या पाठीशीच चालत होते. आता आग्रहाचा धडा. एकानं पानावर हात आडवा धरला, मी लगेच पुढं सरकलो. काकांनी पुन्हा दंड धरला. "कोठी चालले?"

"ते नको म्हणाले."

"हात नोका पाहू बापू. हात तं सारेच आडवा धरतात, ते रीत झाली. बोटं पाहा. बोटं गच्च मिटेल असले तं पोट भरलं, चाला पुढं. बोटं उघडे असले तं मानूस लाजून राह्यला. वाढा."

मी वाकून पाहिलं. त्या गृहस्थांची बोटं पंख्यासारखी उघडी होती. "घ्या ना," मी म्हणालो. "अजून वाढू का?" ते म्हणाले, "आता जवायानंच म्हटल्यावर..." आणि हात अलगद बाजूला झाला. मी थक्क झालो. एवढ्या वर्षांत मला कुणी नाही म्हटलं की मी ते नाहीच समजून परत फिरलो होतो. किती उघडी बोटं मागं टाकून आलो असेन!

एकाच्या पानावर मी जरा जास्तच रेंगाळलो, तर काका म्हणाले, "पान भरलं का पुढं सरका. त्याच्याच पानावर ओतत राह्यले तं भाजी ओघळते अन् मांगचा उपाशी राह्यते." पुढं बैठकांमधून चाळीस-चाळीस मिनिटं बोलणारे लोक मी ऐकले, तेव्हा दर वेळी मला जमिनीवर ओघळलेली तर्री दिसली.

आणि मग जे व्हायचं ते झालं. तिसऱ्या पंगतीत एका पाहुण्याच्या परीटघडीच्या धोतरावर माझ्या हातून भाजी सांडली. लालभडक तर्री, पांढरंशुभ्र धोतर. मी बादलीसकट पुतळा झालो. पाचवीतले अध्यक्ष महाशय पुन्हा डोळ्यांपुढं उभे राहिले.

"थांबू नोका!" काकांचा आवाज आला. "'सांडलं' म्हना अन् पुढं चाला. मांगचे पानं कोरडे हायेत."

"सांडलं," मी म्हणालो.

पाहुणे खाली पाहून, मग वर पाहून हसले. "राहू द्या. जवायाच्या हातचा डाग हाय. धुवाचा नाई हा."

शेवटच्या पंगतीला मी वाढप्यांसोबत जेवायला बसलो. घसा बसला होता, खांदा दुखत होता, सदऱ्यावर तर्रीचा नकाशा उमटला होता. माझ्या चौपदरी सतरंजीवर एक कुत्रं मोठ्या मानानं बसलं होतं आणि त्याला कुणीही उठवत नव्हतं. रोडगा फोडला. आतून वाफ आली, तूप पदरापदरांत झिरपलं. थोडी राख दाताखाली कचकचली. तसा रोडगा मी पुन्हा खाल्ला नाही. त्याचं कारण मला परतीच्या बसमध्ये कळलं.

जाकीट अंगात घालून खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. संध्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "काय शोधून राह्यले?"

"एक कागद होता."

"गवऱ्या वल्ल्या होत्या. पेटून नव्हत्या राह्यल्या. तुमचा कागद मस्त पेटला." मग संत्र्याची पाच-सात झाडं मागं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "कौटुंबिक अडचन म्हंजे मी का?"

ह्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही शिबिरात उत्तर शिकवत नाहीत. माझ्या नकारावर भाजलेला रोडगा मीच तूप घालून खाल्ला होता आणि तो आता पोटात छान उबेला आला होता.

अकोल्यात आमच्या घराजवळ बस थांबते, पण सांगितलं तरच. दर वेळी सांगायचं काम संध्याचं. त्या दिवशी थांबा जवळ आला तरी ती डोळे मिटून बसलेली. मी तिच्याकडं पाहिलं, पुढं पाहिलं. मधे सगळी भरलेली बस, आणि पार टोकाला ड्रायव्हरचं डोकं. शेवटचं पान. "थांबवाऽऽ!" मी ओरडलो. बस अशी थांबली, की उभी माणसं एकमेकांवर गेली. ड्रायव्हर वळून म्हणाला, "अहो, आग लागली का?" संध्याचे डोळे मिटलेलेच होते, पण मिटल्या डोळ्यांनी झोपलेलं माणूस इतकं हसत नाही.

सोमवारी कागदही होता, पेनही होतं. दुसरा अर्ज लिहिता आला असता. मी खुर्चीत बसून बराच वेळ विचार केला, आणि रुजू झालो. पहिल्या आढाव्याला दारापाशी चहाचा थर्मास घेऊन आमचे शिपाईभाऊ उभे होते. सगळ्यांत लांब तेच होते, म्हणून मी सगळा आढावा त्यांना सांगितला. ते मन लावून ऐकत होते. नंतर म्हणाले, "सर, मला पहिल्यांदा कळलं, आपलं ऑफिस काय काम करते ते."

एवढ्यानं मी वक्ता झालो, असा माझा गैरसमज नाही. अजूनही फोन करण्याआधी चार ओळी लिहून काढतो. दूधवाल्याशी बोललो, पण तो बदलून दुसरा आला त्यानंतर. काकांची शाळा मात्र आता तशी राहिली नाही. गावातही मागच्या वर्षी निम्म्या लोकांसाठी बुफे होता. ताट घ्या, रांगेत उभे राहा, हवं ते घ्या. सगळं स्वच्छ, झटपट. फक्त कुणी कुणाला 'घ्या' म्हणत नाही, आणि कुणी लाजून हात आडवा धरत नाही. काकांचे गुडघे गेले. ते आता कडुनिंबाखाली माझ्या जुन्या चौपदरी सतरंजीवर बसतात आणि तिथूनच ओरडतात, "बापू, तिकडं कोपऱ्यात कोनी नाई पोचलं!"

हे सगळं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत गवई मॅडमना रंगवून सांगितलं होतं. पंगत ही कशी फुकटची वक्तृत्व-शाळा होती वगैरे. त्यांना बोलण्याची भीती ठाऊकच नाही. त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलला पाचवीतली मुलगीही माईक हातात घेऊन खणखणीत बोलते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शाळा चांगली होती सर. पण आमचे आजोबा अशा पंगतीत शेवटच्या पानावरही नसायचे. ते धुऱ्याच्या पलीकडं बसायचे." मग स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढत म्हणाल्या, "घ्या. बोटं उघडी आहेत तुमची." मी भाजी घेतली. पण तेव्हापासून तक्त्यातलं तळाचं नाव दिसलं की मला पत्रावळीच दिसतात, आणि त्यांच्याही पलीकडचा धुरा दिसतो.

तर परवा संध्याकाळी मी घरी पोचलो. संध्या पडवीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. पायरीवर बसून चपला काढता काढता मी सगळं सांगून टाकलं. तक्त्यांचा गठ्ठा कसा धरला होता, कसा वाकलो, काय बोलून बसलो. ती हसता हसता शेंगांच्या सुपावर आडवी झाली, दाणे घरंगळत पायरीपर्यंत गेले. डोळे पुसत म्हणाली, "अजून वाढू का! बाप्पा! काकाले सांगतलं पाह्यजे." पुन्हा हसली. मग विचारलं, "मंग साहेब काय म्हनले?"

"काय म्हणणार? फायलीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, बस्स. सगळे आणखीच हसले. मग मी बसलो. ती खाऱ्या पाण्याची दोन गावं होती ना, त्यांचं तेवढं राहून गेलं."

शेंग सोलता सोलता तिचे हात थांबले. "बोटं?"

"काय बोटं?"

"साहेबाचे बोटं कशे होते? मिटेल का उघडे?"

मी डोळे मिटले. टेबल दिसलं, फाईल दिसली, फायलीवरचा तो गोरा हात दिसला. आणि बोटांच्या मधून फायलीचा तपकिरी पुठ्ठा दिसला, तीन पट्ट्या, चांगल्या रुंद.

"उघडी होती," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले, दारापाशी टेकवलेली तक्त्यांची माझी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाली, "मंग बसले काहून? सांडलं तं सांडलं. दोन पानं कोरडे ठेवून कोनी बादली खाली ठेवते का?"